डाव्या बाजूची सीट

आमचे घरमालक अर्जुनराव यांच्या ओट्यावर एक प्लास्टिकची खुर्ची आहे. तिची पाठ मधोमध तडकली आहे आणि ती चीर त्यांनी तांब्याच्या तारेने टाके घालून शिवून काढली आहे. लग्नानंतर चिखलीत खोली बघायला आले तेव्हा त्यांनी मला त्याच खुर्चीवर बसवलं. तार पाठीला टोचत होती. मी मनात म्हटलं, झालं, ह्या चिकट म्हाताऱ्याच्या घरात आता आपले दिवस निघायचे.

सुरुवातीला अगदी तसंच झालं. नळ गळायला लागला की अर्जुनराव नवा नळ आणायचे नाहीत. जुन्या चपलेच्या रबराचा गोल तुकडा कापून आणायचे आणि नळ उघडून तो आत बसवून द्यायचे. बादलीचा कान तुटला तर दोरीचा कान, छत्रीची काडी मोडली तर तिथे सायकलची तार. पावसाळ्यात आमचं दार फुगून घासायला लागलं तेव्हा मी सरळ नवं दार मागितलं, तर हे रंधा घेऊन आले आणि दुपारभर दार तासत बसले. मी नवऱ्याजवळ यथेच्छ कुरकुर केली. माझं तोंड तिखट आहे, त्याला मी काही करू शकत नाही. पण ते दार आजही नीट लागतं, हेही सांगायला हवं.

हा चिकटपणा नव्हे, हे मला माझ्या बाळंतपणात कळलं. सासूबाई औशाहून पोचेपर्यंत ह्याच माणसाने मला गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि गोजाकाकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्या उशाशी बसून राहिल्या. वस्तू टाकून देणं अर्जुनरावांच्या जिवावर यायचं, एवढंच. नांगराचा फाळ, मोटेचं चामडं, बैलाचं जू, जे मोडेल ते रात्रीच्या आत नीट करून सकाळी पुन्हा कामाला लावायचं, ह्यातच त्यांचं तरुणपण गेलं होतं. मी चिडवलं की ते म्हणायचे, "टाकायचं कशाला पोरी? अजून जीव हाय त्यात."

जमीन मात्र अशी डागडुजी करून राखता आली नाही. ते चिखलीचे मूळचे, कुदळवाडीच्या अंगाला त्यांचं रान होतं. ते तुकड्यातुकड्याने गेलं आणि तिथे आता उंच इमारती आहेत. एकुलता एक मुलगा रणजीत रहाटणीला राहतो, फरशांचा धंदा करतो. त्याने आईवडिलांना तिकडे चला म्हणून खूप सांगितलं, पण हे दोघं हलले नाहीत. खालच्या मजल्यावर ते आणि वरच्या खोल्यांत आम्ही चार बिऱ्हाडं, असा हा संसार चालला होता.

अर्जुनरावांनी आयुष्यात एकच गोष्ट हौसेने नवी कोरी घेतली, ती म्हणजे गाडी. काकूंचे गुडघे गेले, त्यांना बसमध्ये चढता येईना, आणि नदीपलीकडे मोईला माहेर असूनही जाणं बंद झालं, तेव्हा हा माणूस साठीच्या पुढे ड्रायव्हिंग शिकला. शिकवणारा पोरगा त्यांच्यासमोर हात टेकायच्या बेतात आला होता, कारण ते गाडी थांबवताना ब्रेक दाबायच्या आधी बैलांना करावं तसं तोंडाने "हो हो" करायचे. आम्ही भाडेकरू बायका गच्चीतून बघून पोट धरून हसायचो. काकू हसायच्या नाहीत. त्या पहिल्या दिवसापासून शेजारच्या सीटवर ताठ बसायच्या, डाव्या हाताने सीटची दाराकडची कड घट्ट धरायच्या आणि म्हणायच्या, "अवं, हळू घ्या."

मग काकू विसरायला लागल्या. आधी मीठ, मग दिवस, मग माणसं. मी रोज दुपारी जाऊन त्यांची वेणी घालायचे. एके दिवशी त्यांनी मला विचारलं की तू कोणाची गं. मला वाईट वाटलं, पण मी बाहेरची, माझं चालून गेलं. अर्जुनरावांचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. ते समोर आले की काकू डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करायला लागल्या. म्हातारपणी ते हुबेहूब त्यांच्या वडिलांसारखे दिसतात म्हणे. काकूंना समोर नवरा दिसतच नव्हता, सासरा दिसत होता. एवढी वर्षं एका ताटात जेवलेली बाई आता त्यांच्यासमोर जेवायची नाही, तर ते ताट ठेवून ओट्यावर निघून जायचे.

गाडीत मात्र तसं होत नव्हतं. हे कसं ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही; ते एवढंच म्हणाले की डोकं विसरलं तरी अंगाची सवय उशिरा विसरते. संध्याकाळी दिवेलागणीला काका, म्हणजे अर्जुनराव, गाडी काढायचे, मी काकूंना धरून बसवायचे आणि बहुतेक वेळा मागच्या सीटवर लेकीला घेऊन मीही बसायचे. दार लागलं, पट्टा लागला, की काकूंचा डावा हात आपोआप सीटच्या कडेला जायचा. तिथल्या शिवणीवरून बोटं वरखाली फिरायची. गाडी वळणाला आली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा, आणि शेजारी बघून त्या म्हणायच्या, "अवं, हळू घ्या."

मग कुदळवाडी, स्पाइन रोड, मोशीपर्यंत जाऊन नदीच्या बाजूने परत, एवढ्या फेरीत दोघं नवराबायको असायचे. उंच इमारतींसमोरून जाताना काकू विचारायच्या, पाणी सोडलंय का वरच्या वाफ्यात. काका म्हणायचे, सोडलंय. त्या नणंदांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, नदीला किती पाणी होतं ते सांगायच्या, कधी रागवायच्या. घरी येऊन गाडीतून उतरलं की पुन्हा पदर डोक्यावर. अर्जुनराव अख्खा दिवस त्या एका फेरीसाठी काढत होते. दुपारपासून गाडीची काच पुसायला लागायचे. त्यांना बघून मला माझ्याच नवऱ्याचा राग यायचा, इतकी वाट त्याने माझी कधी बघितली नव्हती.

रोज बोटं फिरून फिरून ती शिवण उसवली. सीटच्या पाठीची दाराकडची कड, कमरेच्या जरा वर, वीतभर उघडी पडली. रेक्झिन तर आधीच घासून पांढरं झालं होतं, बैठकीत खड्डा पडला होता. काकू त्या फटीत बोट घालून आतला स्पंज ओढायला लागल्या. आम्ही दुर्लक्ष केलं. एका संध्याकाळी मोशीच्या चौकात त्या एकदम ठसकायला लागल्या, चेहरा लाल झाला. मी मागून पुढे वाकून तोंडात बोट घातलं तर घशाशी स्पंजचा गोळा. काकांनी गाडी रस्त्याच्या मधेच उभी केली होती आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी माळ्यावरून दाभण काढलं. पोती शिवायची जाड सुई, धारेला लावून तिचं टोक चकचकीत केलं, मासेमारीचा नायलॉनचा दोरा ओवला, आणि गाडीच्या दारात पाट टाकून बसून त्यांनी ती शिवण टाक्याला टाका लावून बंद केली. काम इतकं देखणं झालं होतं की मी, जिला त्यांच्या डागडुजीचा कंटाळा होता, तीसुद्धा बघत राहिले. संध्याकाळी काकूंच्या बोटांना ते जाड टाके सापडले. त्या एकेक टाका चाचपत राहिल्या आणि स्पंज बाहेर आला नाही. काका त्या दिवशी मोशीच्याही पुढे गाडी घेऊन गेले.

माझा नवरा ज्योतीराम चाकणला सीट बनवणाऱ्या कारखान्यात शिवणकाम करायचा. तिथली कंत्राटं संपल्यावर तो चाकण रोडच्या एका गाड्यांच्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लागला. सीट, छत, दारांची आतली कापडं, हे सगळं त्याच्याकडे. काकांची गाडीही त्याच शोरूमची. रविवारी काकांनी त्याला हाताला धरून नेलं आणि आपलं काम दाखवलं, जसं एक कारागीर दुसऱ्याला दाखवतो. मी वरून बघत होते. ज्योतीराम वाकला आणि त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला.

मग त्याने सांगितलं ते असं. त्या सीटच्या पाठीत, नेमकं त्याच कडेला, घडी घालून फुगा, म्हणजे एअरबॅग, ठेवलेला असतो. गाडीला बाजूने धडक बसली की तो फुगा ती शिवण फाडून बाहेर येतो आणि माणसाच्या बरगड्या वाचवतो. म्हणून तिथला दोरा मुद्दाम नाजूक ठेवलेला असतो. ह्या लॉटच्या गाड्यांत तो जरा जास्तच नाजूक निघाला होता, तशा तक्रारीही आल्या होत्या. पण काकांनी तिथे नायलॉन घातला होता. आता धडक बसली तर फुगा बाहेर यायचाच नाही, किंवा भलतीकडून फुटून काकूंनाच इजा करायचा.

"मग हा काढ आन् तुझा बारीक दोरा घाल," काका म्हणाले.

ज्योतीरामने नकारार्थी मान हलवली. तो दोरा आणि ते मशीन कारखान्यातच असतं, वर्कशॉपमध्ये फुग्याच्या जागी सुई लावायला बंदी आहे. तिथली शिवण दुरुस्त होत नाही, कव्हर बदलावंच लागतं. गाडी अजून वॉरंटीत होती, कंपनी बदलून देईल, तो म्हणाला. काका म्हणाले की मी गाडी हळू चालवतो, मला कोण धडक देणार आहे. ज्योतीरामने फक्त रस्त्याकडे बोट केलं. आमच्या रस्त्याने दिवसभर खडीचे डंपर आणि पाण्याचे टँकर जातात, ते कसे जातात हे काकांनाही माहीत होतं.

त्यानंतर दोन-तीन संध्याकाळी काकांनी गाडी काढली पण मोशीपर्यंत नेली नाही, गल्लीतल्या गल्लीत फिरवून आणली. टँकर दिसला की ते कडेला थांबायचे. एकदा मी मागे बसले असताना त्यांनी मला विचारलं, "पोरी, हिला सीट नवी घातली तर हिला कळंल का?" मी म्हटलं, नाही कळणार काका, आपण तसंच दुसरं बसवू. मला खरंच तसं वाटत होतं. शेवटी त्यांनीच रणजीतला फोन केला.

रणजीतबद्दल मी पुष्कळ वाकडं बोलत आले आहे, पण ह्या कामात तो मागे हटला नाही. शोरूमच्या मॅनेजरने नायलॉनचे टाके बघून हात वर केले होते. बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी गेली, असं त्याचं म्हणणं. रणजीतने तिथे बसून भांडून भांडून त्या लॉटच्या तक्रारी दाखवल्या आणि कंपनीला कबूल करायला लावलं. काकांचं म्हणणं एवढंच होतं की पाठीचंच कव्हर बदला, बैठक राहू द्या. तर म्हणे वॉरंटीत सीट अशी अर्धी बदलत नाहीत, पाठ आणि बैठक दोन्ही स्पंजासकट बदलतात. आणि पाठ फाटली आहे हे फोटो काढून वर कंपनीकडे पाठवायचं, वरून मंजुरी यायची, मग माल यायचा. फोटोसाठी सीट खोलून ठेवली. सीट खोलल्यावर गाडी वर्कशॉपमधून बाहेर काढता येत नाही.

वरून एक शंका आली, तिचं उत्तर गेलं. मग दुसऱ्या रंगाचा माल आला, तो परत गेला. एका वीतभर चिरेसाठी किती माणसांनी किती वेळा डोकं खाजवलं हे मी ज्योतीरामकडून रोज ऐकायचे आणि रोज त्याच्यावरच भडकायचे. तो बिचारा म्हणायचा, मी काय करू, माझ्या हातात माल आला की मी तासाभरात बसवीन.

इकडे संध्याकाळ झाली की काकू चपला घालून पलंगावर तयार होऊन बसायच्या. पहिल्या दिवशी रणजीत त्याची मोठी गाडी घेऊन आला. काकूंना तिच्यात चढताच येईना, आणि चढवल्यावर त्या रडायला लागल्या. रिक्षा आणली, रिक्षात त्या बसल्या पण काका शेजारी बसल्याबरोबर त्यांनी पदर ओढला आणि अंग चोरून घेतलं. मग काकांनी तेही सोडलं. ते ओट्यावर आणि त्या आत पलंगावर, चपला घालून. असं चाललं होतं. मग एका संध्याकाळी मी गेले तर काकूंच्या पायात चपला नव्हत्या. विचारलं, जायचं ना फिरायला? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काय बोलते आहे ते त्यांना कळलंच नाही. काका दारात उभे होते, त्यांनीही ते बघितलं.

गाडी आली ती रणजीत स्वतः घेऊन आला. त्याने आईसाठी म्हणून अगदी हौसेने सगळं करून घेतलं होतं. गाडी आतून बाहेरून धुतलेली, काचा चकचकीत, आत मोगऱ्याच्या वासाची बाटली, आणि नव्या सीटवर प्लास्टिक तसंच. ज्योतीरामने काम झकास केलं होतं, एकही सुरकुती नव्हती. काकांनी ती वासाची बाटली काढून खिशात घातली, प्लास्टिक काढलं, आणि मला म्हणाले, बसव.

काकूंनी सीटवर हात ठेवला. नव्या रेक्झिनवरून तो सरकला. त्यांनी कड चाचपली, तिथे शिवण होती पण ती सपाट होती, बोटाला लागत नव्हती. त्या मागे सरकल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "दुसऱ्याची गाडी हाय ही. चल, कुणी बघंल." मी पुष्कळ समजावलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढचा आठवडाभर आम्ही प्रयत्न केला. काका गाडीत स्टिअरिंगपाशी बसून राहायचे, आणि काकू माझा दंड घट्ट धरून अंगणात उभ्या. एकदा बळेच बसवलं तर त्यांनी दोन्ही हात मांडीवर आवळून धरले आणि डोळे मिटून घेतले. गाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. त्या दिवशी रणजीत पण होता. त्याने बायकोशी चाललेला फोन मधेच बंद केला आणि आईला उतरवायला दार उघडलं.

काकांनी ज्योतीरामला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "जुनं कव्हर कुठं हाय रं?"

वॉरंटीत काढलेली वस्तू गिऱ्हाइकाला परत देत नाहीत. ती कंपनीची होते. आणि ती पुन्हा कुठे बाजारात जाऊ नये, कुणी ती दुसऱ्या गाडीला बसवून पैसे करू नयेत, म्हणून काढल्याबरोबर तिच्यावर कटर चालवतात. पाठीवर एक फुली, बैठकीवर एक फुली, आरपार. मग ती जाळीच्या कोठडीत पडून राहते, कंपनीचा माणूस येऊन बघून जाईपर्यंत. हे काम सीटवाल्याचंच असतं. ज्योतीरामने नवी सीट बसवली त्याच दिवशी, नेहमीच्या सवयीने, ते कव्हर काढलं आणि कापलं होतं. नायलॉनचे टाके कटरला तटले म्हणून त्याने दोनदा जोर लावला होता. हे सगळं त्याने काकांना तिथेच जिन्यात सांगितलं.

काका म्हणाले, बरं. आणि खाली गेले. त्या दिवशी ज्योतीराम जेवला नाही. मी आधी त्याला खूप बोलले, की तुम्हाला ते टाके ओळखू आले नाहीत का, हात कसा चालला तुमचा. तो म्हणाला की ओळखू आले, पण कापायचं असतंच. नंतर मला माझंच वाईट वाटलं, कारण ज्या माणसाने शिवायला म्हणून हे काम धरलं, त्याला रोज तेच फाडायला लावतात आणि त्याने एका दिवशी ते मुकाट्याने केलं, तर मी कोणाला बोलते आहे? पण बोलून झालं होतं. आम्ही दोघं दिवा घालवून तसेच पडून राहिलो.

कंपनीचा माणूस येऊन गेल्यावर ज्योतीरामने सुपरवायझरला विचारून त्या कव्हरचा एक तुकडा आणला. पाठीची ती कड, काकांचे टाके असलेली, दोन्ही बाजूंनी कापलेली. त्याने ती काकांच्या हातात दिली आणि बजावलं की सीटला लावायची नाही, फुग्याच्या जागेवर काहीही यायला नको. काकांनी ती रात्रभर जवळ ठेवली असावी. सकाळी त्यांनी काकूंच्या जुन्या लुगड्याची छोटी लांबट उशी केली, तिच्यावर तो तुकडा बसवला, कापलेल्या कडा आत दुमडल्या आणि दाभणाने शिवून टाकली. अशी उशी की काकूंच्या डाव्या मांडीशी ठेवली तर हात सहज तिच्यावर पडेल.

संध्याकाळी मी काकूंच्या हातात आधी ती उशी दिली. त्यांची बोटं टाक्यांवर गेली. एक टाका, मग पुढचा. मी त्यांना गाडीपाशी नेलं, आणि त्या बसल्या. स्वतःहून पाय आत घेतला. मी उशी मांडीशी सरकवली, पट्टा लावला आणि मागे बसले. काकांनी गाडी इतक्या हळू काढली की गल्लीतली सायकल आमच्या पुढे गेली. कुदळवाडी आली. काकू बाहेर बघत होत्या आणि बोटं टाके मोजल्यासारखी फिरत होती. वळण आलं. काका वाट बघत होते, मीही बघत होते. काकू काही बोलल्या नाहीत. उंच इमारती आल्या, त्याही गेल्या.

मोशीच्या जवळ आल्यावर काकूंनी शेजारी मान वळवली.

"दादा," त्या म्हणाल्या, "जरा लवकर घ्या. घरी आमचं मालक वाट बघत असत्याल."

मी पुढे वाकले. मला सांगायचं होतं, काकू अहो हेच ते, बघा ना जरा. काकांनी डावा हात स्टिअरिंगवरून किंचित उचलून मला थांबवलं. मग त्यांनी विचारलं, भाड्याच्या गाडीवाला विचारतो तसं, "मालक काय करत्यात, ताई?"

"शेती." काकूंचा आवाज मोकळा झाला होता. "बोलत न्हाईत कुणाशी फार. पर मी मोईला माहेरी गेले ना, की दुसऱ्या दिशी न्यायला हजर. माझी आई हसायची. म्हणायची, जावई एक रात्र काय काढत न्हाई."

"आज न्हाई आलं न्यायला?"

काकूंची बोटं उशीवर थांबली. "कुठं अडाकलं असत्याल," त्या म्हणाल्या. "याचं न्हाईत असं व्हायचं न्हाई."

"व्हय ताई," काका म्हणाले. "येत्याल."

घर आलं. मी काकूंना उतरवलं. त्यांनी वाकून काकांना सांगितलं, उपकार झाले दादा, संभाळून जा. मग उशी काखेत धरून त्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे बघायला लागल्या. मी आत चला म्हटलं तर म्हणाल्या, एवढ्यात येत्याल ते, आल्यावर जाऊ. गाडीचं इंजिन बंद झालं होतं. काका आत तसेच बसून होते. उतरले असते तर काकूंनी लगेच पदर ओढून घेतला असता, म्हणून अंधार पडेपर्यंत ते खाली उतरले नाहीत.